‘टू’ कुठे हवा, कुठे नको: ‘गिव्ह’बद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं ‘गिव्ह’ या एकाच क्रियापदाभोवती फिरणारी होती, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. शाळेत इंग्रजी शिकवत असताना मुलांच्या वह्यांतली वाक्यं मी वेगळ्या वहीत उतरवून ठेवत असे. ‘गिव्ह’ची पानं त्या वहीत सर्वांत जास्त आहेत. आपल्याला ‘देणे’ हा शब्द इतका अंगवळणी पडलेला असतो की ‘गिव्ह’ही तसाच वागेल असं आपण धरून चालतो.

प्रश्न : ‘गिव्ह मी द बुक’ बरोबर, ‘गिव्ह द बुक टू मी’ हेही बरोबर. मग ‘गिव्ह टू मी द बुक’ चूक कसं? सातवीतल्या मुलीने विचारलं आणि मला समाधानकारक उत्तर देता आलं नाही. (एक पालक)

उत्तर : तुमच्या मुलीने प्रश्नाच्या मुळालाच हात घातला आहे. आधी मराठीकडे पाहा. ‘मला पुस्तक दे’, ‘पुस्तक मला दे’, ‘दे मला पुस्तक’, ‘दे ना पुस्तक मला’. शब्द कसेही फिरवले तरी पुस्तक कोणाला मिळणार याबद्दल शंका राहत नाही. ‘मला’मधला ‘ला’ घेणाऱ्याला चिकटलेला आहे. तो वाक्यात कुठेही जाऊन बसला तरी ओळख सोबत घेऊन जातो.

इंग्रजीतही एकेकाळी अशी सोय होती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत आणि घेणाऱ्याचं रूप वेगळं असे. पुढे ते प्रत्यय झिजून गेले. ‘हिम’, ‘देम’, ‘हूम’ यांच्या शेवटी जो ‘म’ ऐकू येतो तो त्या जुन्या चतुर्थीचाच उरलेला अंश आहे. पण ‘मीरा’, ‘टीचर’, ‘ब्रदर’ अशा नामांना आज कोणताही प्रत्यय नाही. मग घेणारा कोण आणि वस्तू कोणती हे कळायचं कशावरून? जागेवरून.

वर्गात मी फळ्यावर क्रियापदानंतर दोन चौकटी काढत असे. पहिली घेणाऱ्याची, दुसरी वस्तूची. ‘आय गेव्ह मीरा द बुक.’ मीरा पहिल्या चौकटीत बसली आहे, म्हणून ती घेणारी. तिला आणखी कोणत्याही खुणेची गरज नाही. आता वस्तूला पुढे आणलं की मीरा आपल्या जागेवरून उठून शेवटी जाते. जागा सुटली म्हणून ओळख पटवायला ‘टू’ लागतो : ‘आय गेव्ह द बुक टू मीरा.’ म्हणजे जागा किंवा ‘टू’, दोहोंपैकी एक. ‘गिव्ह टू मी द बुक’मध्ये ‘मी’ स्वतःच्या चौकटीतही बसली आहे आणि वर ‘टू’ही घेऊन बसली आहे. मुलीला एवढं सांगितलंत तरी पुरे.

(मोठी झाल्यावर तिला पुस्तकांत ‘ही गेव्ह टू हिज स्टुडन्ट्स एव्हरिथिंग ही हॅड लर्न्ट इन अ लाँग लाइफ’ असं वाक्य भेटेल. ते चूक नाही. वस्तूचा भाग फार लांबला की तो शेवटी ढकलतात. सातवीत मात्र त्या वाटेला जाऊ नये.)

यापुढचा भाग पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. दोन्ही रचना बरोबर असतील तर कोणती कधी वापरायची? व्याकरणाच्या स्वाध्यायात ‘एकीचं रूपांतर दुसरीत करा’ असं असतं आणि मुलांना वाटतं दोन्ही अगदी सारख्याच. तशा त्या नाहीत. ‘तू रवीला काय दिलंस?’ असं विचारलं तर उत्तर येईल ‘आय गेव्ह हिम अ पेन’. ‘पेन कोणाला दिलंस?’ याला उत्तर ‘आय गेव्ह इट टू रवी’. ऐकणाऱ्याला जे ठाऊक नाही ते इंग्रजी शेवटी ठेवते.

मराठीतही हा भेद आहे, आपण तो न शिकता पाळतो. ‘मी रवीला पेन दिलं’ आणि ‘पेन मी रवीला दिलं’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. महत्त्वाचा शब्द क्रियापदाला खेटून, त्याच्या अगदी आधी येतो. पहिल्यात ‘पेन’, दुसऱ्यात ‘रवीला’. तर मुलीला हे करून बघायला सांगा : मनात मराठी वाक्य म्हणायचं, क्रियापदाच्या लगेच आधी काय आलं ते बघायचं, आणि इंग्रजीत ते शेवटी ठेवायचं. प्रत्येक वेळी नेमकं जुळेलच असं नाही, पण माझ्या वर्गातल्या मुलांची वाक्यं या एका सवयीने सरळ होऊ लागली.

वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ असेल तर मात्र ‘गिव्ह इट टू मी’ हीच रचना लिहावी. ‘गिव्ह मी इट’ बोलण्यात ऐकू येतं, लिहिताना ते टाळलेलं बरं.

प्रश्न : आमचे सर ‘एक्स्प्लेन मी धिस’ला लाल रेघ मारतात. ‘गिव्ह मी धिस’ चालतं, ‘टेल मी धिस’ चालतं, मग ‘एक्स्प्लेन’नेच काय घोडं मारलं? (अकरावीचा विद्यार्थी)

उत्तर : सर बरोबर आहेत, आणि तुझा प्रश्नही रास्त आहे. इंग्रजीत क्रियापदांची दोन घराणी आहेत. ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘शो’, ‘सेंड’, ‘लेंड’, ‘टीच’ ही मूळची घरची, बहुतेक उच्चारात एकच स्वर असलेली. यांना दोन चौकटींची रचना चालते. ‘एक्स्प्लेन’, ‘डोनेट’, ‘डिस्क्राइब’, ‘अनाउन्स’, ‘सजेस्ट’ ही लॅटिनकडून, काही फ्रेंचच्या वाटेने आलेली. यांना फक्त ‘टू’ची रचना चालते. ‘ही गेव्ह द लायब्ररी हिज बुक्स’ म्हणता येतं, पण ‘ही डोनेटेड द लायब्ररी हिज बुक्स’ इंग्रजी कानाला खटकतं. तिथे ‘ही डोनेटेड हिज बुक्स टू द लायब्ररी’ असंच हवं. अर्थ जवळजवळ तोच असून रचना बदलते.

अपवाद आहेत. ‘ऑफर’, ‘प्रॉमिस’ आणि ‘पे’ बाहेरून आलेली असून दोन्ही रचना स्वीकारतात. उलट ‘से’ पक्कं घरचं असून ‘से मी’ कधीच होत नाही. म्हणून हा नियम अंदाजासाठी वापर. नवीन, लांबलचक क्रियापद दिसलं की आधी ‘टू’ लावून बघ.

तुला भाषेची आवड दिसते म्हणून आणखी एक सांगते. संस्कृत ‘दा’ धातूपासून आपलं ‘देणे’ आलं. ‘गिव्ह’शी त्याचं नातं नाही. पण ‘डोनेट’ त्याच कुळातलं आहे आणि ‘डेटा’ही : लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘दिलेल्या गोष्टी’. ग्रीक शाखेतून आलेला ‘अँटिडोट’, म्हणजे उतारा, मुळात ‘विरुद्ध दिलेलं’. म्हणजे ज्या ‘डोनेट’वर तुला लाल रेघ मिळेल तेच ‘देणे’चं दूरचं भावंड आहे.

प्रश्न : जी नंतर आय आला की ‘ज’ होतो असं शिकवलं आहे. जिराफ, जायंट, जिन्जर. मग ‘गिव्ह’ला ‘जिव्ह’ का म्हणत नाहीत? आणि शेवटी ई आहे तर ‘फाइव्ह’सारखं ‘गाइव्ह’ का नाही? (पाचवीची विद्यार्थिनी)

उत्तर : शाब्बास! एका शब्दात दोन नियम मोडताना तू पकडलेस. ‘ज’चा नियम मुख्यतः फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेल्या शब्दांचा आहे. ‘गिव्ह’, ‘गेट’, ‘गर्ल’ त्या वाटेने आलेले नाहीत. जुन्या इंग्रजीत ‘गिव्ह’ची सुरुवात ‘य’सारखी होत असे. पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, लोकांच्या भाषेतला ‘ग’ त्याला चिकटला आणि तोच राहिला. जर्मन भावंड ‘गेबेन’ही ‘ग’नेच सुरू होतं.

आणि शेवटची ई? इंग्रजी लिहिताना शब्दाचा शेवट व्ही या अक्षराने करत नाहीत, म्हणून तिथे ई ठेवतात. ‘हॅव्ह’ आणि ‘लिव्ह’ बघ, तिथेही ती नुसती उभी आहे.

प्रश्न : ‘आय गेव्ह माय एक्झाम’ हे चुकीचं इंग्रजी आहे का? मुलाखतीत मला हसले. (नोकरीच्या शोधात असलेला तरुण)

उत्तर : हसणाऱ्यांचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. भारतात हा प्रयोग सर्रास चालतो, मराठीतच नव्हे तर हिंदीतही परीक्षा ‘देतात’, आणि तुमचं म्हणणं इथे प्रत्येकाला कळतं. पण भारताबाहेर तो उलटा ऐकू येतो. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, ब्रिटनमध्ये ‘सिट’ही म्हणतात, आणि ‘गिव्ह’ करतात ते शिक्षक. ‘द टीचर गेव्ह अस अ टेस्ट’ म्हणजे बाईंनी आमची चाचणी घेतली. तेव्हा अर्जात आणि मुलाखतीत ‘आय टुक द एक्झाम’ म्हणा.

याच निमित्ताने वहीतल्या इतर जागा सांगते. ‘भेट देणे’ म्हणजे ‘व्हिजिट’, ‘गिव्ह अ व्हिजिट’ नव्हे. ‘लक्ष देणे’ला बहुतेक वेळा ‘पे अटेन्शन’. ‘दोष देणे’ म्हणजे ‘ब्लेम’, ‘उसने देणे’ म्हणजे ‘लेंड’. उलट जिथे मराठीत ‘देणे’ मनातही येणार नाही तिथे इंग्रजी ‘गिव्ह’ वापरते. उसासा टाकणे हे ‘गिव्ह अ साय’. करून बघ म्हणताना ‘गिव्ह इट अ ट्राय’. आणि त्या आवाजाने माझं डोकं उठलं : ‘दॅट नॉइज गेव्ह मी अ हेडेक’. या शेवटच्यात एक बारीक गोष्ट आहे. ‘दॅट नॉइज गेव्ह अ हेडेक टू मी’ असं कोणी म्हणत नाही. डोकेदुखी काही एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात नाही, त्यामुळे ‘टू’ची रचना तिथे रुळलीच नाही. ‘गेव्ह बर्थ’चं नेमकं उलट : ‘शी गेव्ह बर्थ टू अ गर्ल’ हीच रचना पक्की, चौकटी बदलायच्या नाहीत.

प्रश्न : ‘मला जाऊ दे’ला ‘गिव्ह मी टू गो’ का नाही? आणि ‘पत्र लिहून दे’ला ‘राइट अँड गिव्ह’ म्हणावं का? (एक गृहिणी, घरी इंग्रजी शिकत आहे)

उत्तर : ‘जाऊ दे’मधला ‘दे’ काहीच देत नाही, परवानगी देतो. त्याला इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे : ‘लेट मी गो’. ‘त्याला बोलू दे’ म्हणजे ‘लेट हिम स्पीक’. ‘लेट’नंतर ‘टू’ येत नाही हे लक्षात ठेवा.

‘लिहून दे’, ‘करून दे’, ‘सांगून दे’ यांतला ‘दे’ आणखी वेगळा. काम दुसऱ्याच्या सोयीसाठी होतंय एवढंच तो दाखवतो. ते इंग्रजीत ‘फॉर’कडे जातं : ‘राइट द लेटर फॉर मी’. ‘राइट मी अ लेटर’ असं लिहिलंत तर ‘मला पत्र पाठव’ असा अर्थ होईल. ‘राइट अँड गिव्ह’ नको. आणि ‘टाकून दे’, ‘सोडून दे’ यांतला ‘दे’ तर हात झटकतो : ‘थ्रो इट अवे’, ‘गिव्ह इट अप’. मराठीतलं एवढंसं ‘दे’ किती कामं करतं हे तुमच्या पत्रामुळे पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आलं, त्याबद्दल आभार.

प्रश्न : मी फोनवर ग्राहकांच्या तक्रारी नोंदवते. वरिष्ठ म्हणतात माझं इंग्रजी उद्धट आहे. मी तर ‘गिव्ह मी युअर नंबर’ एवढंच म्हणते आणि आवाजही मऊ ठेवते. (एक वाचक भगिनी)

उत्तर : तुम्ही उद्धट नाही आहात. तुमच्या मनात ‘तुमचा नंबर द्या’ हे वाक्य आहे, आणि ते सभ्य आहे. आदर ‘द्या’मध्येच आहे. ‘दे’ म्हटलं की जवळीक, ‘द्या’ म्हटलं की मान, ‘द्याल का’ म्हटलं की विनंती. क्रियापदाचं एक रूप बदललं की काम झालं. ‘गिव्ह’ला अशी रूपं नाहीत. धाकट्या भावाला, वरिष्ठांना, अनोळखी माणसाला, सगळ्यांना तेच ‘गिव्ह’. त्यामुळे तुमचा ‘द्या’ इंग्रजीत उतरताना उघडा ‘दे’ होऊन बाहेर पडतो आणि पलीकडच्याला हुकूम ऐकू येतो. आवाज मऊ असला तरी तो पुरत नाही.

म्हणून आदर क्रियापदाच्या बाहेरून आणावा लागतो. ‘कुड यू गिव्ह मी युअर नंबर, प्लीज?’ हे तुमच्या ‘द्याल का’च्या जवळचं. त्याहून चांगलं म्हणजे ‘गिव्ह’ला बाजूला ठेवून घेणाऱ्याच्या बाजूने बोलणं : ‘कुड आय हॅव युअर नंबर, प्लीज?’, ‘मे आय टेक युअर नंबर?’ इथे समोरच्याला काही करायला सांगितलंच नाही, आपण मागितलं. ग्राहकांशी बोलताना हीच दोन वाक्यं जिभेवर बसवा. नुसतं ‘प्लीज’ लावून ‘प्लीज गिव्ह मी युअर नंबर’ म्हटलं तर ते फॉर्मवरच्या सूचनेसारखं वाटतं. चूक नाही, पण थोडं कोरडं.

एवढ्याशा कारणावरून एखाद्याच्या स्वभावावर शिक्का बसतो याचं मला फार वाईट वाटतं. वरिष्ठांना हे उत्तर दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : ‘मला तीन पुस्तकं देण्यात आली’ याचं ‘आय वेअर गिव्हन थ्री बुक्स’ हे भाषांतर बरोबर आहे का? (स्पर्धा परीक्षेची उमेदवार)

उत्तर : ‘आय वॉज गिव्हन थ्री बुक्स.’ मराठीत ‘आली’ हे ‘पुस्तकं’ पाहून ठरलं, ‘मला’चा क्रियापदावर काही अधिकार नाही. इंग्रजीत ‘आय’ हाच कर्त्याच्या जागी बसला आहे, म्हणून क्रियापद त्याच्याकडे बघतं आणि ‘वॉज’ होतं. ‘आय वॉज गिव्हन’ वाचताना ‘मी दिला गेलो’ असा भलताच अर्थ कानात वाजतो, म्हणून पुष्कळजण ही रचना टाळतात आणि ‘थ्री बुक्स वेअर गिव्हन टू मी’कडे वळतात. तेही बरोबर आहे. पण रोजच्या इंग्रजीत माणसाला पुढे ठेवणारं पहिलं वाक्य जास्त चालतं, तेव्हा ते न घाबरता लिहा. परीक्षेच्या उताऱ्यांत ‘गिव्हन द वेदर’ असंही भेटेल. त्याचा अर्थ ‘हवामान पाहता’, तिथे कोणी कोणाला काही दिलेलं नाही.

प्रश्न : ‘आय गेव्ह हिम’ या वाक्यात काय चुकलं? मित्र म्हणतो अपुरं आहे. (महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : मित्राचं खरं आहे. ‘दिलं का त्याला?’ ‘हो, दिलं.’ मराठीत काय दिलं ते दोघांना माहीत असलं की सांगायची गरज नाही. इंग्रजीत वस्तू ठाऊक असली तरी तिची खूण ठेवावीच लागते : ‘येस, आय गेव्ह इट टू हिम.’ दानधर्माच्या अर्थी मात्र ‘शी गिव्ह्ज टू चॅरिटी’ असं वस्तूशिवाय चालतं.

प्रश्न : ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ यांत फरक काय? आणि ‘आय गेव्ह अप टू स्मोक’ बरोबर आहे ना? (एक वाचक)

उत्तर : ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं, प्रयत्न थांबवणं. ‘गिव्ह इन’ म्हणजे दुसऱ्याच्या हट्टापुढे किंवा दबावापुढे नमणं. कोडं सुटेना म्हणून बाजूला ठेवलं तर ‘गेव्ह अप’. मुलाने रडून रडून फोन मागितला आणि तुम्ही दिलात तर ‘गेव्ह इन’.

दुसरं वाक्य बरोबर नाही. ‘गिव्ह अप’नंतर क्रिया आली तर ती ‘इंग’ लावून येते : ‘आय गेव्ह अप स्मोकिंग.’ आणि सवयीच्या जागी ‘इट’ वापरलंत तर तो मध्ये बसतो, ‘आय गेव्ह इट अप’. ‘आय गेव्ह अप इट’ असं होत नाही. तुम्ही पत्रात ते वाक्य भूतकाळात लिहिलं आहे. ते तुमच्याबद्दल खरं असेल तर तुमचं मनापासून अभिनंदन.